चिंच ‘इंडिका’, बाभूळ ‘निलोटिका’

प्रश्न : शाळेतील झाडांच्या पाट्यांवर चिंचेसाठी ‘टॅमरिंडस इंडिका’ आणि बाभळीसाठी ‘अकेशिया निलोटिका’ असे लिहिले आहे. मग चिंच भारतीय आणि बाभूळ आफ्रिकेची समजायची का?
– एक शिक्षिका, धरणगाव

उत्तर : असा समज होणे स्वाभाविक असले, तरी वनस्पतीच्या नावातील दुसरे पद, म्हणजे जातिवाचक विशेषण, हे मूळस्थानाचा दाखला नसते. चिंच मूळची उष्णकटिबंधीय आफ्रिकेतली. परंतु ती भारतात फार पूर्वीच रुजली आणि अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, म्हटले, त्यावरूनच लिनियसने 1753 मध्ये हे नाव दिले, ज्यात हिंदुस्थान खरे तर दोनदा आला आहे. ‘निलोटिका’ म्हणजे नाईलकाठची. तथापि मण्यांच्या माळेसारख्या शेंगांची, खानदेशातल्या बांधाबांधावर दिसणारी बाभूळ आफ्रिकेइतकीच भारताचीही आहे. नाव अयथार्थ ठरले, एवढ्याच कारणाने ते बदलता येत नाही, असा नामकरणाचा नियम आहे. त्यामुळे चिंचेची पाटी तशीच ठेवून खाली ‘मूळस्थान : आफ्रिका’ अशी ओळ जोडावी. बाभळीचे मात्र वर्गीकरणच बदलल्याने ‘व्हॅचेलिया निलोटिका’ हे आजचे नाव लिहून जुने कंसात द्यावे, कारण बहुतेक पुस्तकांत अजून तेच सापडते.