दगडाची परीक्षा

कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेला लागलेली आगगाडी शहाड ओलांडून आंबिवलीच्या स्थानकात येते. तेथे रुळांखाली पसरलेली खडी पाहावी. काळसर, टोकदार आणि हातात घेतली असता आकाराच्या मानाने जड. उल्हास आणि काळू या नद्यांच्या या मुलखात टेकडी खणा, विहीर खणा, हाच दगड लागतो. त्याला काळा पाषाण किंवा बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस वर आला, थरावर थर साचत गेले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांनी झाकून टाकला. आंबिवलीची खडी ही त्या थरांचीच भावंडे होत.

दगडासारखा कठीण, असे आपण सहज म्हणून जातो. ते खोटे नाही. चांगल्या काळ्या पाषाणाच्या एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, टन-दीड टन भार पडला तरी तो चिरडत नाही. दाब सोसण्याच्या या शक्तीला दाबसामर्थ्य म्हणतात. पण हाच दगड दोन्ही बाजूंनी ओढला तर? मग त्याची सारी ऐट उतरते. दाबाच्या मानाने दहाव्या हिश्श्याएवढा, पुष्कळदा त्याहूनही कमी ताण त्याला पुरतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. ताण सोसण्याची ही शक्ती म्हणजे ताणसामर्थ्य.

खाणीतल्या पाथरवटाला हे शब्द ठाऊक नसतील. गोष्ट मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोठा धोंडा तो ठोकून ठोकून फोडीत बसत नाही. एका रेषेत छिद्रे पाडतो, त्यांत पोलादी पाचरी बसवितो आणि घणाचे घाव त्यांवर पाळीपाळीने घालतो. प्रत्येक पाचर आपल्या छिद्राच्या दोन्ही कडा एकमेकींपासून दूर लोटते. दगड ताणला जातो आणि थोड्या वेळाने त्या रेषेत सरळ उकलतो.

कल्याणजवळ अंबरनाथ येथे शके ९८२ मधील, म्हणजे इ.स. १०६० मधील शिवमंदिर आहे. तेही काळ्या पाषाणाचे. अशा मंदिरांत खांब जवळजवळ का असतात, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतो. दोन खांबांवर दगडी तुळई ठेवली की ती भाराने किंचित वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. तुळई जितकी लांब तितका खालचा ताण अधिक, आणि भेग पडते ती खालूनच. त्या काळच्या शिल्पकारांजवळ मोजमापाचे यंत्र नव्हते, पण दगडाचा हा दुबळेपणा त्यांनी अचूक ओळखला होता.

आज धरणाचा पाया घालताना किंवा डोंगरातून बोगदा खणताना अंदाजावर भागत नाही, आकडा लागतो. तो मिळवावा कसा? लोखंडी सळई दोन्ही टोकांना चिमट्यात धरून ओढता येते. दगड तसा धरू गेले तर त्याची टोकेच चुरतात. टोकांना धातूच्या टोप्या चिकटवून ओढावे, तर ओढ जराशी तिरपी झाली की एका बाजूवर अधिक ताण येतो आणि आकडा चुकतो.

या अडचणीतून वाट सापडली ती दूर ब्राझील देशात. १९४३ साली रिओ द जानेरो शहरात रुंद रस्ता काढताना एक जुने चर्च आड येत होते. ते काँक्रीटच्या रुळांवरून सरकवावे, असा विचार निघाला. लोबो कार्नेरो या अभियंत्याने आडवे रूळ वरून दाबून पाहिले, तेव्हा ते चिरडले नाहीत. मधोमध उभे दुभंगले. चर्च काही वाचले नाही, पण चाचणी सापडली. जपानमध्येही त्याच सुमारास आकाझावा यांना हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. तरी नाव पडले ते ब्राझिली चाचणी असेच.

दाबून ताण कसा निर्माण होतो? पाटावर लिंबू ठेवून तळव्याने दाबले की ते आडवे फुगते. दगडाची चकतीही उभी धरून वरून-खालून दाबली की तिचा मधला भाग दोन्ही बाजूंना खेचला जातो. दगड दाबाला बळकट आणि ताणाला दुबळा. म्हणून दाबाने चिरडण्यापूर्वीच तो ताणाने फुटतो.

१९१६ साली स्थापन झालेल्या आणि आज पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांत खडकांच्या अशा परीक्षा होतात. हिऱ्याचे कण बसविलेल्या पोकळ गिरमिटाने खडकातून लांब गोल कांडी काढतात. तिच्या चकत्या कापून घासतात. व्यास सुमारे ५४ मिलिमीटर आणि जाडी त्याच्या निम्मी. चकती पोलादी जबड्यांत उभी ठेवून भार सावकाश, एकसारखा वाढवीत नेतात. मग एकदम टण्‌कन आवाज होतो आणि वरपासून खालपर्यंत भेग जाते. भेग भलतीकडेच गेली असेल तर ती चकती बाद.

समजा, चकती ३,००० किलोग्रॅम भाराला फुटली. भाराची दुप्पट ६,०००. व्यास ५.४ आणि जाडी २.७ सेंटिमीटर, त्यांचा गुणाकार करून त्याला ३.१४ ने गुणले की सुमारे ४५.८ येतात. ६,००० ला ४५.८ ने भागले की ताणसामर्थ्य निघते: चौरस सेंटिमीटरला सुमारे १३१ किलोग्रॅम. मात्र एका चकतीवर कोणी विश्वासत नाही. एकाच खडकात कोठे घट्ट थर, तर कोठे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला थर असतो. पाणी मुरलेला दगड कोरड्या दगडाहून बहुधा लवकर फुटतो. म्हणून निदान दहा चकत्या फोडून सरासरी काढतात.

काँक्रीटचीही परीक्षा याच रीतीने होते, आणि ती किती अगत्याची आहे हे कोयनेच्या खोऱ्यात दिसून आले. तेथील १०३ मीटर उंचीचे धरण दगड घातलेल्या काँक्रीटचे आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरण उभे राहिले. परंतु भिंतीची जाडी जेथे एकाएकी कमी होते, तेथे, सुमारे दोन-तृतीयांश उंचीवर, आडव्या भेगा पडल्या. वरचा भाग पुढेमागे हेलावताना दोन्ही अंगांना आळीपाळीने ताण बसला होता. पाण्याच्या भाराने जी भिंत हलली नव्हती, तिला हा ताण सोसला नाही.

नंतर भेगा चिकट रसायनाने भरण्यात आल्या, भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले आणि वरच्या भागात पोलादी तारांचे दोर ओवून ते घट्ट ताणून बसविण्यात आले. ताण दोरांनी घ्यावा आणि भिंत सदैव दाबाखाली राहावी, अशी ही योजना होती.