पोरं सुखरूप घरी जायला हवीत ना, मग ऐक

अगं, तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात कालवलं. रुजू होऊन महिना होत नाही तोच तुझी झोप उडाली! "ताई, शिकवायचं ते शिकवीन, पण एवढ्या पोरांना काही झालं तर?" असं विचारलंस. बरं झालं विचारलंस. कितीतरी जणींना हा प्रश्न पडायलाच चार-पाच वर्षं जातात. महिना १६,००० मानधनावर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, एका खोलीत दोन वर्ग सांभाळायचे, यूडायसची माहिती भरायची, आणि वर सुरक्षिततेच्या परिपत्रकांची ही जाडजूड फाइल. खरं सांगू का, ती फाइल बघून घाबरू नकोस. त्यातलं निम्मं काम तू डोळे उघडे ठेवून शाळेत वावरलीस की होऊन जातं. उरलेलं आज मी सांगते.

सकाळी दहा मिनिटं आधी पोच आणि खोली उघडायच्या आधी शाळेभोवती एक चक्कर मार. पाण्याच्या टाकीचं झाकण, लोंबणारी वायर, पावसाळ्यात सरपण रचलेला कोपरा. तिथे साप निघतात, म्हणून पोरांना लाकडं आणायला कधीच पाठवायचं नाही, मग स्वयंपाकीण मावशी कितीही घाईत असोत. आणि स्वच्छतागृहाची कडी बघ. पहिलीतल्या पोरीला ती आतून लावता येते का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काढता येते का, हे स्वतः खाली बसून, तिच्या उंचीवरून बघ. दार बसवणारा मिस्त्री कडी आपल्या खांद्याच्या उंचीवर ठोकून मोकळा होतो. मग पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि आपण म्हणतो, यांचं लक्ष का लागत नाही!

खिचडीची चव पोरांच्या आधी तू घ्यायची. चव रजिस्टर संध्याकाळी एकदम भरायचा मोह होतो, मला ठाऊक आहे, पण तो आवर. बिहारमधल्या गंडामन गावात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस गेलं होतं, पिकावर फवारतात ते. आपल्याकडे फवारणीचे डबे घराघरात असतात बघ, रिकामा झाला की धुऊन कुणीतरी कशालाही वापरतं. म्हणून तेल कुठल्या डब्यात आहे, धान्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, हे तुला माहीत हवं. एक घास तोंडात टाकायला कितीसा वेळ लागतो?

हजेरी परिपाठ संपल्या संपल्या घे. जो आला नाही त्याच्या घरी मधल्या सुट्टीच्या आत फोन गेला पाहिजे. बरेचदा उत्तर मिळतं, "मावशीच्या गावाला गेलाय." ठीक. पण घरून निघालेलं पोर शाळेत पोचलंच नाही, हे कळायला संध्याकाळ उजाडू नये, त्यासाठी हा खटाटोप. शाळा सुटताना पोर कुणाच्या हाती द्यायचं, त्याची नावं पालकांकडून जूनमध्येच लिहून घे. अनोळखी मामा गाडी घेऊन आला, तर आईला फोन केल्याशिवाय पोर सोडायचं नाही. मामा चिडेल. चिडू दे गं, उद्या तोच कौतुक करेल.

आता तुला खरी धास्ती ज्याची आहे त्याकडे येऊ. एखाद्या दिवशी शाळा सुटली तरी एखादं पोर उगाच दप्तर आवरत बसतं. पट्टी आत, पट्टी बाहेर. तू कुलूप घेऊन दाराशी उभी, तुझी एसटी निघायची वेळ झालेली, आणि ते खाली बघत बारीक आवाजात म्हणतं, "बाई, मला घरी नाही जायचं." किंवा, "त्या काकांकडे नाही जायचं." त्या वेळी एसटी जाऊ दे. शेजारी बस. समोर उभं राहून वरून बघू नकोस.

आणि मग कमी बोल. "कुणी केलं? कुठे हात लावला? तू ओरडली का नाहीस?" असा भडिमार करायचा नाही. "बरं, मग?" एवढं पुरतं. "आधी का नाही सांगितलंस?" हे तर चुकूनही नको, तेवढ्यावर पोर कायमचं मिटून जातं. "मी कुणाला सांगणार नाही हं" असं वचन देऊ नकोस, कारण तुला सांगावंच लागणार आहे. त्याऐवजी म्हण, "तू मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझी काही चूक नाही. आता मी मोठ्या माणसांची मदत घेणार." पोर गेल्यावर लगेच, घरी जाऊन स्वयंपाक करायच्या आधी, सगळं वहीत लिही, त्याच्याच शब्दांत. 'शू-ची जागा' म्हणालं असेल तर तसंच लिही, शुद्ध करू नकोस. तारीख, वेळ, तुझी सही.

बघ, तपास करणं तुझं काम नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्धं ओझं उतरतं. खरं-खोटं पोलिसांनी आणि कोर्टाने ठरवायचं, तू फक्त कळवायचं. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आहे, मुलींइतकाच मुलांसाठीही. हे मुद्दाम सांगते, कारण "पोरगाच आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य तू स्टाफरूममध्येच ऐकशील. या कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच असतं. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. उलट तू चांगल्या हेतूने कळवलंस आणि पुढे काही निघालं नाही, तर तुझ्यावर बालंट येत नाही.

मुख्याध्यापकांना तर सांगच, पण "आधी आपण जरा खात्री करू" म्हणून ते आठवडा घालवायला लागले तर थांबू नकोस. कळवण्याची जबाबदारी तुझी स्वतःचीही आहे. पोलीस ठाणं आहे, ११२ आहे, आणि मुलांसाठीचा १०९८ हा चोवीस तासांचा फुकट नंबर आहे. घरच्यांना सांगताना एवढं बघ, की ज्याच्याबद्दल पोर बोलतंय तोच घरात तर नाही ना. तसं असेल तर आधी पोलीस आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती, मग बाकीचं. घरच्यांना एक जरूर सांग, की झालेलं ताजं असेल तर पोराला आंघोळ घालायची नाही, अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. आईचा पहिला हात नेमका त्याच कामाकडे जातो.

मग गाव येईल. हे कुठल्या परिपत्रकात नाही गं, म्हणून नीट ऐक. पाराशी बैठक बसेल. कुणी म्हणेल, पोरीचं लग्न कसं व्हायचं. कुणी म्हणेल, शाळेचं नाव जाईल, पट कमी होईल, शाळा बंद पडेल. "बाई, तुम्ही बाहेरगावच्या, गावातलं गावात मिटवू द्या." आवाज अगदी समजुतीचा असतो, चहाही येतो. तू चहा पी आणि शांतपणे म्हण, "यात मिटवायची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही, माझी नोकरी जाईल." स्वतःच्या नोकरीचं कारण पुढे केलं की लोक जरा गप्प बसतात, हा माझा अनुभव आहे. तत्त्वाच्या गोष्टी सांगत बसशील तर रात्र होईल.

आईला मात्र धीर दे. तिला वाटतं, आता पोरीला ठाण्यात ओढत नेणार. तिला सांग, की जबाब घरी किंवा पोराला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो बाई अधिकारी असते, ती गणवेशात येत नाही, सोबत आईला बसता येतं, आणि मुलीची तपासणी लेडी डॉक्टरच करते. पोराचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा आहे. तेव्हा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी हळहळत जरी नाव टाकलं, तरी ते तिथल्या तिथे काढायला लाव.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती या सगळ्याची पुन्हा सक्ती केली. पुन्हा म्हणते, कारण सखी सावित्रीचा शासन निर्णय मार्च २०२२ चाच आहे. बऱ्याच शाळांत तो फलकावर नावं लिहून संपला. कॅमेऱ्याचं मला फारसं कौतुक नाही. तो लागला की सगळे निर्धास्त होतात आणि स्वच्छतागृहाच्या बोळात कुणी फिरकत नाही. पडताळणी मात्र सोडू नकोस. "तो तर आपल्या अमक्याचा मेहुणा" असं म्हणून रोजंदारीवर ठेवलेल्या माणसाचीही करून घे.

तक्रारपेटीचं विचारू नकोस! मी हौसेने रंगवून घेतली, स्वतः खिळा ठोकून टांगली, आणि महिन्याने उघडली तर आत चॉकलेटचे कागद. तेही सातवीतल्या उंच पोरांनी टाकलेले, कारण बाकीच्यांचा हातच पोचत नव्हता. तू खाली लाव, आणि ऑफिसच्या दारापासून लांब. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढून टाकावं असं सांग. पेटी उघडताना सखी सावित्रीतली एखादी आई सोबत असू दे.

आणि हो, छडी. मोठाली पोरं अंगावर आली, डोकं फिरलं, सगळं कबूल. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. "अक्कल कुठे गहाण ठेवलीस?" हेसुद्धा त्यातच येतं. कायद्याचं राहू दे, ज्या बाईच्या हाताची भीती वाटते तिच्याशेजारी शाळा सुटल्यावर कुणी दप्तर आवरत बसत नाही. राग आला की वर्गाबाहेर जाऊन एक पेलाभर पाणी पी. दोन मिनिटांत शाळा बुडत नाही.

आता घरांकडे बघ. वडील गेलेलं, आईने टाकलेलं, आजीजवळ वाढणारं पोर तुझ्या वर्गात असणारच. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. आजीला ती माहीत नसते आणि माहीत झाली तरी दाखले गोळा करता करता तिची चप्पल झिजते. तू फक्त कागदांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दे आणि बोनाफाईड त्याच दिवशी दे. आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं, त्या दिवशी कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही हे आधीच हेरून ठेव आणि तीच पोरं पुढे कर. पुढचे उपचार फुकट असतात, पण पाठपुरावा आपणच करायचा.

एखादी आई वळ लपवत पदर ओढून येईल. चारचौघांत विचारू नकोस, पोषण आहाराची सही घ्यायच्या निमित्ताने खोलीत बोलाव. ती बोलली नाही तरी चालेल. शाळेत आपल्याला कुणी हिणवत नाही एवढं तिला कळलं, तरी ती पुन्हा येते.

तुझी शाळा बीडकडची, म्हणजे ऊसतोडीचं सांगायलाच हवं. दिवाळी आली की कोयते निघतात आणि निम्मा वर्ग रिकामा होतो. फडावर पोरं उसाच्या गाडीखाली झोपतात, कोपीत एकट्या राहिलेल्या मुलींचे काय हाल होतात ते तुला वेगळं सांगायला नको. गावात आजी-आत्या सांभाळणारी असेल तर हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घाल, पोर इथेच राहतं, जेवतं, शाळेत येतं. जे जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून दे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. दाखला नाही म्हणून कुणी त्यांना परत पाठवू शकत नाही, हे आईबापाला दोनदा सांग. आणि ही यादी सुट्टी लागायच्या आधी, वाडीवर घरोघर फिरून कर. मुकादमाची उचल घेतली की लोक रातोरात ट्रकमध्ये बसतात, मग नंबर लागत नाहीत. या रविवारी जमलं तर मीच येते सोबत, तू फक्त आशाताईंना सांगून ठेव, त्यांना एकूणएक घर माहीत असतं.