तंबूचं तोंड कुणीकडे?

आजचे वाचन : उत्पत्ती, अध्याय १३



आजचं मनन लिहिताना मी जरा अस्वस्थ आहे. माझ्या ईमेलमध्ये एक ऑफर लेटर येऊन पडलंय. जर्मनीतली नोकरी आहे, पगार आत्तापेक्षा बराच जास्त. येत्या शुक्रवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं आहे. बाबा प्रभूकडे गेल्यापासून आई नगरला एकटीच राहते. मुलगी दुसरीत आहे. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आधी गुडघे टेक बाळा, मग सही कर."

म्हणून आज सकाळी शास्त्र उघडलं आणि अब्राम व लोट यांच्या गोष्टीपाशी थांबलो.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. काका-पुतणे दोघांचीही गुरंढोरं इतकी वाढली की एका जागी चारा-पाणी पुरेना. गुराख्यांमध्ये भांडणं सुरू झाली. तेव्हा अब्राम म्हणाला, आपण वेगळे होऊ. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे जातो. खरं तर वयाने मोठा तो. आधी निवडण्याचा मान त्याचा होता. पण तो त्याने पुतण्याला दिला.

लोटाने नजर टाकली. बेथेल आणि आय यांच्यामधला हा डोंगराळ भाग समुद्रसपाटीपासून ८०० मीटरहून उंच आहे. तिथून पूर्वेला उतरत गेलं की यार्देनेचं खोरं लागतं, आणि मृत समुद्राचा काठ तर समुद्रसपाटीपेक्षा ४०० मीटरहून अधिक खाली आहे. लोटाला वरून हिरवंगार, पाण्याने भरलेलं खोरं दिसलं. शास्त्र सांगतं की ते त्याला परमेश्वराच्या बागेसारखं आणि मिसर देशासारखं वाटलं. इथे मी थांबलो. हे दोघे मिसरातून नुकतेच परत आले होते. म्हणजे लोट मिसरातून बाहेर आला, पण मिसरची मोजपट्टी बरोबर घेऊन आला!

लोटाने निवड केली, पण त्याने प्रार्थना केली असं या अध्यायात कुठेच लिहिलेलं नाही. त्याने काकांनाही विचारलं नाही. डोळ्यांना दिसलं, आवडलं, निघाला.

आता माझी गोष्ट सांगतो. पाच वर्षांपूर्वी मी पुण्यात नोकरी बदलली. तेव्हा दोन ऑफर हातात होत्या. इंजिनिअर माणूस, म्हणून एक्सेल शीट बनवली. सीटीसी, बोनस, घरापासूनचं अंतर, परदेशी जाण्याची संधी, फ्लॅटचा हप्ता असे सगळे कॉलम होते. प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली आणि जास्त बेरजेला सही केली. त्या शीटमध्ये उपासनेचा कॉलम नव्हता, कुटुंबाचाही नव्हता. सही केल्यावर मात्र प्रार्थना केली, "प्रभू, या नोकरीला आशीर्वाद दे." म्हणजे निर्णय माझा आणि शिक्का प्रभूचा!

नोकरी वाईट नव्हती. पण शनिवारी रात्री रिलीज असायची. पहाटे चार-पाचला झोपलो की रविवारी सकाळी उठवेना. आधी महिन्यातून एक उपासना चुकली, मग दोन. मी संडे स्कूलचा वर्ग घ्यायचो, तो दुसऱ्यांकडे दिला, "तात्पुरता" म्हणून. वर्षभराने त्या वर्गातला एक मुलगा बाजारात भेटला. त्याने विचारलं, "अंकल, तुम्ही चर्च बदललं का?" मी म्हटलं, "नाही रे, काम असतं." तो गेला, आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो.

मी प्रभूला सोडायचं असं कधीच ठरवलं नव्हतं. लोटानेही ठरवलं नव्हतं. १३व्या अध्यायात तो सदोमाच्या दिशेने तंबू ठोकतो. १४व्या अध्यायात तो सदोमातच राहतो आहे, आणि लढाईत पकडला जातो. १९व्या अध्यायात तर तो सदोमाच्या वेशीत बसलेला आहे. माणूस एका दिवसात वाट चुकत नाही, तंबू हळूहळू सरकत जातो. म्हणून "आज मी कुठे उभा आहे?" एवढंच विचारून भागत नाही. माझ्या तंबूचं तोंड कुणीकडे आहे, हे पाहावं लागतं.

आता अब्रामाकडे पाहा. लोट निघून गेल्यावर परमेश्वर त्याच्याशी बोलतो आणि त्यालाही नजर वर करून चारी दिशांना पाहायला सांगतो. लोटाने आपल्या मनाने पाहिलं, अब्रामाने देवाने सांगितल्यावर पाहिलं. मग तो हेब्रोनजवळ मम्रे येथे राहायला गेला आणि तिथे त्याने काय केलं? वेदी बांधली. अब्राम जिथे तंबू ठोकतो तिथे वेदी बांधतो, हे आपण पुन्हा पुन्हा वाचतो. लोटाने वेदी बांधल्याचं एकदाही वाचायला मिळत नाही.

पण अब्राम कधी चुकलाच नाही, असं समजू नका. आदल्याच अध्यायात दुष्काळ पडला म्हणून तो मिसरला गेला, आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणाला. तरी तिथून निघाल्यावर तो परत कुठे आला? बेथेलजवळच्या त्याच पहिल्या वेदीपाशी. ज्यांनी वाट चुकीची निवडली आहे, त्यांच्यासाठी ही केवढी सुवार्ता आहे! परतीचा रस्ता बंद झालेला नाही. मीही असाच परत आलो. मॅनेजरशी बोलून शनिवारची पाळी बदलून घेतली. त्यात एक बढती हुकली. वर्ग पुन्हा घेतो आहे.

लोटालाही देवाने टाकलं नाही. तो सदोमात रेंगाळत होता तेव्हा देवदूतांनी त्याचा हात धरून त्याला बाहेर काढलं. पेत्र आपल्या दुसऱ्या पत्रात त्याला नीतिमान म्हणतो. तो वाचला, पण त्या हिरव्या खोऱ्यातलं काहीच त्याच्या हाती उरलं नाही, पत्नीसुद्धा नाही.

परदेशी जाणं चूक आहे असं मी म्हणत नाही. अब्रामही आपला देश सोडूनच निघाला होता, पण देवाने बोलावलं म्हणून. त्यामुळे यावेळी शीट बनवण्याआधी बायकोने आणि मी तीन प्रश्न वहीत लिहिले आहेत. आपल्यासमोरही एखादा निर्णय असेल, तर आपणही हे प्रश्न स्वतःला विचारा.

१. हे मला चांगलं दिसतंय, ते कोणाच्या मोजपट्टीने?

२. तिथे माझी वेदी कुठे असेल? म्हणजे उपासना, कौटुंबिक प्रार्थना आणि मला चुकलं तर टोकणारी माणसं.

३. माझ्या निवडीची किंमत कोण मोजणार? अब्रामाने स्वतःचा हक्क सोडला. मी आईच्या वाट्याचं काही सोडून देत नाही ना?

तिसऱ्या प्रश्नापुढची जागा अजून कोरी आहे. शुक्रवारपर्यंत रोज रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही दोघं गुडघे टेकणार आहोत, आणि गुरुवारी नगरला जाऊन आईबरोबर. उत्तर काहीही येवो, यावेळी शिक्का मारायला नाही, विचारायला जायचं आहे. आमच्यासाठी जरूर प्रार्थना करा.

प्रार्थना : हे प्रेमळ देवबापा, आम्हाला जे हिरवं दिसतं ते तुझ्या नजरेने पाहायला शिकव. जिथे आमचा तंबू असेल तिथे तुझी वेदी असू दे. आणि आम्ही रेंगाळलो, तर आमचा हात धरून आम्हाला बाहेर काढ. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.