हप्ता चातुर्मासातही येतो

चि. बाळास,

परतूरच्या स्टुडिओतले दोन्ही डीएसएलआर विकून, कर्ज काढून मिररलेसचा नवा सेट घ्यायचं तुझ्या मनात आहे असं कळलं. रोल सोडून डिजिटलकडे वळायला ज्यांनी उशीर केला त्यांची दुकानं बसली, म्हणून आपण मागे राहायचं नाही, हा तुझा मुद्दा. दाखला खरा आहे, पण तू तो अर्धाच वाचलास.

रोलच्या काळात प्रत्येक फोटोला पैसे पडत. एका रोलमध्ये 36 फोटो. एका लग्नाला दहा रोल धरले तर 360, त्यावर धुलाई, त्यावर प्रिंट. नवरीचे डोळे मिटलेला फोटोसुद्धा तितकेच पैसे घेऊन जाई. डिजिटलने हा खर्च जवळपास पुसला, म्हणजे कॅमेऱ्याची किंमत वाचलेल्या रोलमधूनच वसूल होऊ लागली. पण इथेही घाई करणाऱ्याला फटका बसला असता. 1999 चा निकॉन डी-1 तीन मेगापिक्सेलपेक्षाही कमी आणि किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. 2004 साली आलेल्या डी-70 ची नुसती बॉडी सहा मेगापिक्सेलची असून हजार डॉलरच्या आत. शिवाय बॉडीच्या किमतीत न दिसणारे खर्च वेगळेच. कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, कार्ड आणि भारनियमनामुळे इन्व्हर्टर. लहान सेन्सरवर 28 ची लेन्स 42 सारखी दिसायची, त्यामुळे मांडवातला वऱ्हाडाचा ग्रुप फ्रेममध्ये बसेना आणि नवी वाईड लेन्स घ्यावी लागे. 2006 च्या डी-40 मध्ये तर फोकसची मोटरच नव्हती. जुन्या ऑटोफोकस लेन्स हाताने फिरवायच्या.

आता मिररलेसला हाच हिशोब लाव. दर ऑर्डरमागचा कोणता खर्च तो वाचवतो? कार्ड तेच, एडिटिंग तेच, करिझ्मा अल्बमची छपाई तीच. अल्बम बघून कॅमेरा ओळखणारा वरबाप मला तरी माहीत नाही. तू म्हणशील, 2018 साली कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवे माउंट काढले, आता डीएसएलआरला भवितव्य नाही. बरोबर. पण रोलचा कॅमेरा निकामी झाला तो रोल मिळेनासे झाले आणि लॅब बंद पडल्या म्हणून. तुझा डीएसएलआर कोणत्याही लॅबवर अवलंबून नाही, शटर चालेल तोवर तो कमावेल. जुन्या मालाचा भाव पडतोय हेही खरं, मात्र नव्या बॉडीचाही भाव पडतोच, आणि ती तर कर्जाची. व्हिडिओ करताना डोळ्यावर धरलेला फोकस सुटत नाही, हा तुझा एकच मुद्दा मला बिनतोड वाटतो. त्यासाठी दाट तिथींपुरती बॉडी भाड्याने आण.

कोडॅकचं उदाहरण सगळेच देतात. 1975 साली डिजिटल कॅमेरा घरातच बनवूनही 2012 साली त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऊटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं नाव मात्र कुणी घेत नाही. नव्या कारखान्यासाठी काढलेलं कर्ज आणि उदारीकरणानंतर आलेली परदेशी फिल्म यांच्या कात्रीत ती कंपनी डिजिटलची लाट येण्याआधीच सापडली. जुन्याला चिकटून माणूस बुडतो, तसा नव्यासाठी उसनवारी करूनही बुडतो. आपल्या भागात तर दुसरीच भीती मोठी. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतात, पण बँकेचा हप्ता चातुर्मास पाळत नाही. त्यात 2012-13 सारखं दुष्काळी वर्ष आलं, मोसंबीच्या बागा जळाल्या, कापूस गेला, की शेतकरी लग्नातला पहिला खर्च फोटोचाच कापतो. त्याला दोष देता येणार नाही.

तेव्हा सेट नको. हा हंगाम आहे त्याच सामानावर काढ आणि उरलेल्या रोख पैशातून एकच बॉडी अडॅप्टरसह घे. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर नीट चालतात. निकॉनच्या अडॅप्टरवर मोटर नसलेल्या जुन्या डी-लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, तेव्हा तुझ्याकडच्या लेन्स आधी तपासून घे. तरीही कर्जच काढायचं ठरवलंस, तर कागदांवर सही करण्यापूर्वी गेल्या दोन हंगामांची ऑर्डरची वही आणि बँकेचा हप्त्यांचा तक्ता मला पाठव.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा