गव्हाला नत्र : किती आणि केव्हा?

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीसाठी प्रसिद्ध आहे. लोखंडी नांगराच्या कारखान्यासाठी 1910 साली वसलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. ऊस व द्राक्षे ही येथील प्रमुख पिके असली, तरी सोयाबीन निघाल्यावर रब्बीत गहूही पेरला जातो व तो बहुधा घरच्या चपातीसाठी राखला जातो. म्हणूनच या गव्हाचे उत्पादन जितके महत्त्वाचे, तितकाच त्याचा कसही महत्त्वाचा होय.

उसाचा हिशेब गव्हाला नाही

सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास मात्र हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश पुरेसे होते. उसाच्या सवयीने गव्हावर युरिया टाकल्यास पीक हिरवेगार दिसते. परंतु ते उंच वाढून लोळते, तांबेरा व मावा यांना बळी पडते आणि खर्चाच्या प्रमाणात दाणे भरत नाहीत.

पिकाला नत्र आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे 1843 पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगाने ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या दाखविली आहे. 1960 नंतरच्या दशकात आलेल्या बुटक्या मेक्सिकन वाणांचे यशही, अधिक नत्र पचवून न लोळण्याच्या त्यांच्या गुणावर उभे होते. तथापि, प्रत्येक वाणाला मर्यादा असते. कृष्णा खोऱ्यातील उंच वाढणाऱ्या पारंपरिक खपली गव्हाची ही मर्यादा फारच कमी आहे.

दाण्यात काय बदलते?

नत्र हा प्रथिनाचा मूळ घटक होय. तो कमी पडल्यास उत्पादन घटते आणि बन्सी गव्हाच्या दाण्यावर पिठूळ पांढरे डाग पडतात. पुरेशा नत्राने ग्लुटेन वाढते व कणीक चांगली मळली जाते. जमिनीत जस्त व लोह उपलब्ध असल्यास तेही दाण्यात अधिक प्रमाणात पोहोचतात.

दाण्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्लासारखी फिनॉलवर्गीय संयुगे असतात. शरीरातील पेशींची झीज रोखण्यास ती उपयुक्त मानली जातात. नत्र भरपूर मिळाल्यावर वनस्पती आपली शक्ती वाढीकडे व प्रथिनांकडे वळविते. त्यामुळे अनेक प्रयोगांत अतिरिक्त नत्राने ही संयुगे घटलेली आढळली आहेत. वाण व हवामान यांनुसार हे प्रमाण बदलते. कोंड्यासह कणीक खाणाऱ्या घरास ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. चाळून काढलेला कोंडा मात्र ही संयुगे आपल्याबरोबर घेऊन जातो.

एकरी हिशेब

शिफारशीप्रमाणे एकरी 48 किलो नत्र लागते. स्फुरदासाठी एकरी 52 किलो डीएपी दिल्यास त्यातूनच सुमारे साडेनऊ किलो नत्र मिळते. हे नत्र वजा केले, तर एकूण 84 किलो युरिया पुरतो. त्यापैकी 32 किलो पेरणीच्या वेळी द्यावा. उरलेला 52 किलो, पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी पहिल्या पाण्याबरोबर द्यावा. डीएपीतील नत्र न मोजल्यास एकरी सुमारे 20 किलो युरिया विनाकारण खर्ची पडतो.

नत्राच्या दोन हप्त्यांमुळे पिकाला गरजेच्या वेळी अन्न मिळते. नदीकाठच्या पाणथळ जमिनीत नत्र वायुरूपाने उडून जाते व खारवट जमिनीत युरियाचा अमोनिया हवेत निघून जातो. तेथे मात्रा वाढविण्याऐवजी पाण्याचा निचरा सुधारणे हाच खरा उपाय होय. युरिया ओल्या मातीत मिसळणेही हिताचे असते.

पंचायतीचे काम

मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली सुरू झाली. पत्रिका घरात पडून राहिल्यास तिचा उपयोग नाही. पेरणीपूर्वी ग्रामसभेत आपल्या गावच्या जमिनीतील नत्र, जस्त व क्षारांचे प्रमाण वाचून दाखविले आणि शाळेतील मुलांनी एकरी खताचे गणित फळ्यावर सोडविले, तर आकडे शेतापर्यंत पोहोचतील. खताचे पोते फोडण्यापूर्वी केलेला हिशेब पैसा वाचवितो, जमीन राखतो आणि घरच्या चपातीचा कसही टिकवितो.