पन्हाळेकाजी राजधानी होतं, हे खरं का?

प्रश्न : माझं आजोळ दापोली तालुक्यातलं. तिथल्या पन्हाळेकाजीची लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असं लहानपणी ऐकत आले. आता कुणी सांगतं की हे गाव एके काळी राजधानी होतं. डोंगराच्या कुशीतलं, नदीकाठचं एवढंसं गाव राजधानी कसं असेल? आणि गाव नेमकं किती जुनं?
– एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका आहेत: लेणी कुणाची, राजधानी खरी का आणि गावाचं वय किती. मधली शंका आधी घेऊ. तिला लेखी पुरावा आहे आणि त्याच्या आधाराने बाकीच्या दोन सोडवता येतात.

पुरावा म्हणजे पन्हाळेकाजीला सापडलेला ताम्रपट. त्यावर शके १०६१ हे साल आहे, म्हणजे इ. स. ११३९. कोकणात तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. राजा पहिला अपरादित्य याला गोव्याच्या कदंबांनी बळकावलेलं राज्य झगडून परत मिळवावं लागलं होतं. राज्य हाती आल्यावर त्याने दक्षिणेकडचा मुलूख विक्रमादित्य या आपल्या मुलाकडे सोपवला. हा ताम्रपट त्या विक्रमादित्याचा, आणि त्याचं ठाणं होतं ‘प्रणालक’, म्हणजे आजचं पन्हाळे.

हे दानपत्र आहे, हे लक्षात घ्या. राजाने ब्राह्मणाला किंवा देवस्थानाला जमीन दिली की हुकूम तांब्याच्या पत्र्यांवर कोरत, पत्रे कडीत ओवत आणि कडीवर राजमुद्रा उमटवत. आधी राजाची वंशावळ, मग तिथी, मग दिलेल्या जमिनीचा तपशील आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला शाप. घेणाऱ्याच्या घरी तो जमिनीच्या मालकीचा कागदच असे, म्हणून जिवापाड जपला जाई. इतिहास लिहून ठेवावा हा त्यामागचा हेतू नव्हता. तरी जमिनीच्या व्यवहारापोटी राजाचं नाव, साल आणि ठाणं आपल्यापर्यंत पोचलं. कोकणातल्या कितीतरी गावांचा पहिला उल्लेख असाच, कुणाला तरी जमीन मिळाली म्हणून झालेला आहे.

आता ‘राजधानी’ हा शब्द. शिलाहारांची मुख्य गादी उत्तरेत ठाण्याकडे होती. पन्हाळे हे राजपुत्राचं, दक्षिण भागाचा कारभार पाहण्याचं ठाणं. मोठाले वाडे आणि लाखांची वस्ती डोळ्यांसमोर आणू नका. पण हे ठाणं विक्रमादित्यापुरतंच नव्हतं. नंतरच्या काळातला राजा मल्लिकार्जुन याचा शके १०७८ चा, म्हणजे ११५६ चा शिलालेख चिपळूणला मिळाला, त्यातही प्रणालकाचं नाव येतं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पन्हाळा म्हटलं की कोल्हापूरचा किल्लाच आठवतो, आणि तिथेही शिलाहारच होते. पण ती वेगळी शाखा. शिलाहारांची तीन घराणी होती: उत्तर कोकणातलं, दक्षिण कोकणातलं आणि कोल्हापूरचं. कोल्हापूरच्या पन्हाळ्याशी दुसऱ्या भोजाचं नाव जोडलेलं आहे. आपला विक्रमादित्य उत्तर कोकणच्या घराण्यातला. तिन्ही घराणी स्वतःला तगरपुराचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे स्वामी म्हणवत, म्हणून गोंधळ वाढतो.

मग ठाण्यासाठी ही आडबाजूची जागा का निवडली? आज ती आडबाजूला वाटते, कारण आपण गाडीरस्त्याने जातो. त्या काळी माणसं आणि माल पाण्यावाटे जात. गाव कोटजाई नदीच्या काठी आहे, आणि कोटजाईचं पाणी पुढे वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळला समुद्राला मिळतं. दाभोळला उतरलेला माल खाडीने आत आणायचा, मग बैलांच्या पाठीवरून घाट चढवून कऱ्हाड-कोल्हापूरकडे न्यायचा, ही जुनी वाट. त्या वाटेजवळ, समुद्रावरून एकदम दिसणार नाही असं डोंगरातलं ठिकाण ज्याच्या हातात, त्याला व्यापारावर लक्ष ठेवता येई. माझ्या मते या गावाचं नशीब खाडीशी बांधलेलं होतं. ११३९ मध्ये तिने भरभराट दिली, आणि पुढे सुलतानांच्या काळात सगळं वैभव खाडीच्या तोंडाशी, दाभोळलाच एकवटलं. रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकात परतीला निघाला, तेव्हा दाभोळहूनच गलबतावर चढला. त्याआधीच, तेराव्या शतकात, यादव राजा महादेवाने शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याला समुद्रावरच्या लढाईत हरवलं होतं. राजघराणंच उरलं नाही, तिथे त्याचं ठाणं कुठून टिकणार?

आता लेणी. एकूण २९ आहेत, आणि ती एका रात्रीत तर नाहीच, एका शतकातही कोरलेली नाहीत. सुरुवात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंनी केली. लहान खोल्या, बसायला दगडी ओटे, पावसाळ्यात मुक्कामाची सोय. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयान पंथाचे उपासक आले. महाचंडरोषण या उग्र देवतेची मूर्ती त्यांची. शिलाहारांच्या काळात काही लेण्यांची देवळं झाली, शिवलिंगं आणि गणपती आले. त्यानंतर नाथपंथी आले, त्यांनी सिद्धांच्या मूर्ती कोरल्या. कोरणं आणि बदलणं चौदाव्या शतकापर्यंत चालू राहिलं, म्हणजे जवळजवळ हजार वर्षं. इतके लोक येऊन गेले की मूळ कुणाचं ते गावाच्या आठवणीतून पुसलं गेलं, आणि निनावी कोरीव काम पांडवांच्या नावावर जमा करण्याची आपल्याकडे रीतच आहे, नाशिकचीही ‘पांडवलेणी’च. या लेण्यांत गाळ साचून गेला होता. तो उपसून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामुळेच हा क्रम आज एवढ्या खात्रीने सांगता येतो.

राहिलं गावाचं वय. ११३९ हे गावाचं जन्मसाल नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा. इंग्लंडमधल्या असंख्य खेड्यांची नावं पहिल्यांदा १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत सापडतात. विल्यम राजाला महसुलाचा हिशेब हवा होता म्हणून ती झाली. खेडी आधीपासून होतीच. आपल्या गावाचंही तसंच. भिक्षू राहत होते म्हणजे त्यांना भिक्षा घालणारी वस्ती जवळपास असणारच, आणि भिक्षू तर तिसऱ्या शतकापासूनचे. तेव्हा वस्ती किमान सतराशे वर्षांची आणि लेखी नाव जवळजवळ नऊशे वर्षांचं, असं म्हणायला हरकत नाही.

आजोळी गेलात की एकोणिसाव्या लेण्यात छताकडे नक्की पाहा, रामायणातले आणि कृष्णकथेतले प्रसंग तिथे कोरलेले आहेत. एकोणतिसावं, ज्याला गौर लेणं म्हणतात, ते बाकीच्या रांगेपासून बाजूला आहे. बरेच जण ते न पाहताच परततात. नाथ सिद्धांच्या मूर्ती तिथेही आहेत, म्हणून वेळ हाताशी ठेवून जा.