पोरगा गप्प झाला

मंडळी, आपल्या शिरढोणचे नाव निघाले की वासुदेव बळवंत फडके आठवतात. १८४५ साली ते इथे जन्मले. शाळेत मी मुलांना त्यांची गोष्ट सांगत असे. पण त्यांचे नाव मी एकदा भलत्याच जागी वापरले. ते आज सांगतो.

आमच्या आळीत एक शेतकऱ्याचे घर आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा. पनवेलला कॉलेजात जायचा. क्रिकेट म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो गप्प झाला. लावणीला आला नाही. रात्रभर जागा, दिवसा भिंतीकडे तोंड करून पडलेला. ताटातला भात तसाच. अंघोळसुद्धा नको.

बाप म्हणाला, "आळशी झालाय." आजी म्हणाली, "बाहेरचं लागलंय. भगताला दाखवा." मग मला बोलावले. मी त्याला म्हणालो, "अरे, फडक्यांच्या गावचा तू, आणि असा लोळतोस?" पोराच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, उपदेश लागू पडला! पुढे त्यानेच सांगितले, त्या दिवशी आपण साऱ्यांना ओझे आहोत असे त्याला वाटले.

खरे ओळखले ते आईने. रात्री ती माझ्या दारात आली. "गुरुजी, ह्याचं रडणं निराळं आहे. आज म्हणतो, आई, मी नसलो तर तुमचं बरं होईल."

सिनेमातली दीपिका पदुकोण तुम्हांला ठाऊक असेल. २०१४ साली तिला हाच आजार झाला. पैसा होता, नाव होते. तिचेही रडणे निराळे आहे हे तिच्या आईनेच ओळखले.

आम्ही लगेच १४४१६ या नंबरावर फोन लावला. ही सरकारी सोय १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. पैसे पडत नाहीत. रात्रीही माणूस मराठीत बोलतो. त्यांनी सांगितले, मुलाला सरळ विचारा. विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरत नाहीत.

आई त्याच्याजवळ बसली. "बाळा, जीव द्यायचं मनात येतं काय?"

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "येतं."

आईने त्याला जवळ घेतले. रागावली नाही, शपथ घातली नाही. बापाने फवारणीचे औषध त्याच रात्री भावाच्या घरी नेऊन कुलपात ठेवले. स्वतः पोराशेजारी झोपला.

सकाळी त्याला पनवेलला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी रक्त तपासले. गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. ती बिघडली तरी माणूस मलूल होतो. तसे काही नव्हते. डॉक्टर म्हणाले, "हे नैराश्य आहे. तापासारखा हाही आजारच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उमेद, झोप, भूक गेली तर थांबू नये."

गोळ्या सुरू झाल्या. आठव्या दिवशी बाप म्हणाला, "काय फरक नाय. पैसे फुकट!" पण या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. सुरुवातीला मळमळतेही. आईने डबी स्वतःजवळ ठेवली आणि रोज हाताने गोळी दिली. दर आठवड्याला डॉक्टर त्याच्याशी बोलत बसत.

कोणी म्हणाले, "पोलिसांचे लचांड लागेल." तसे नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे जीव द्यायला गेलेला माणूस मोठ्या मानसिक ताणाखाली आहे असेच धरतात. त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारची.

महिन्याने त्याने एकदा भात मागून घेतला. त्या दिवशी आजीसुद्धा रडली. मधे आठ दिवस पुन्हा वाईट गेले. बरे वाटल्यावरही गोळ्या कित्येक महिने चालल्या. मनाने बंद करायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मी त्याची माफी मागायला गेलो. काय बोलावे सुचेना. तो खाटेवर सरकला, मला जागा दिली. आम्ही मॅच बघत बसलो.